गेममधली माझी बाई

माझा कॉम्प्युटर नवऱ्यानं मला न विचारता त्याच्या बहिणीच्या घरी पोचवला, त्याला आता बरेच दिवस झाले. तरी आठवण निघाली की माझे कान तापतात. "जाऊ दे गं, गेमच होता की," असं ज्यानं ज्यानं मला म्हटलं, त्याचं तोंड माझ्या लक्षात आहे. त्यात माझी सख्खी मावशीही आली.

कॉम्प्युटर मुळात माझ्या धाकट्या भावाचा. इंजिनिअरिंगला असताना एकेक पार्ट गोळा करून त्यानं तो जोडला होता. पुण्यात नोकरी लागल्यावर त्यानं लॅपटॉप घेतला आणि हा माझ्याकडं आणून ठेवला. मी शाळेत गणित शिकवते, प्रश्नपत्रिका टाईप करायला उपयोगी पडेल असं मी घरी सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. जाताना त्यानं त्यात एक गेम घालून ठेवला.

"ताई, हे जग सगळं उघडं हाय. दिसतंय त्या डोंगरावर जायचं म्हटलं तर जाता येतंय."

"आणि जाऊन करायचं काय?"

"काय पण कर. राक्षस मार, न्हायतर मारू नको. नुसती फिर की."

आधी आपलं माणूस तयार करायचं होतं. नाक, डोळे, उंची, सगळं आपणच ठरवायचं. भाऊ म्हणाला, देखणी कर. मी मुद्दाम चाळिशी ओलांडलेली बाई केली. केस पिकायला लागलेले, खांदे रुंद, गालावर जखमेचा वण. तिच्याकडं बघून कुणी रस्त्यात शिट्टी मारणार नाही आणि मारलीच तर पस्तावेल, अशी.

खेळ सुरू झाला तसा राजाचा एक माणूस घोड्यावरून धावत आला. राज्यावर संकट आलंय, तू ताबडतोब पूर्वेच्या किल्ल्यावर जा, तुझ्याशिवाय कुणी वाचवणारं नाही, असं काहीबाही त्यानं सांगितलं. पश्चिमेला एक नदी दिसत होती. मी पश्चिमेला गेले.

काहीच झालं नाही. कुणी मागं आलं नाही, कुणी रागावलं नाही, फोन वाजला नाही. नदीच्या कडेनं चालत राहिले, तर पाणचक्की लागली, मग एक पडकं देऊळ, मग दाट रान. नकाशा सगळा काळा होता. जिथं माझी बाई पाय टाकेल तेवढाच उजळायचा. संध्याकाळ झाली, मग रात्र झाली, आणि ती रानात एकटी चालत होती. मी खुर्चीत ताठ बसून होते. चांदण्याखाली एकटं चालायचं कसं असतं, ते मी पहिल्यांदा बघत होते, आणि तेही आमच्या कोल्हापुरातल्या घरात, भर दुपारी.

माझी शाळा सकाळची. घरी येऊन जेवणं, भांडी आवरली की सासूबाई आडव्या होतात, सासरे पत्ते खेळायला जातात. तेवढी दुपार माझी. मी त्या गेममध्ये फार मारामाऱ्या केल्या नाहीत. पाला, मुळ्या, अळंब्या गोळा केल्या. तळ्याकाठी घर बांधलं. एक करडा घोडा पाळला. राजाचं संकट तसंच राहिलं. त्याला माझी गरज होती तर होती.

भावाला हे ऐकून हसू आलं. त्यानं तो खेळ पार शेवटापर्यंत खेळला होता, पण त्याला कळलं नव्हतं मला त्यात काय मिळत होतं. त्याला कळणार कसं? आमचं गाव मुरगूडजवळ. तिथं तो सायकल काढून दिवसभर कुठंही जायचा आणि भूक लागली की परत यायचा. मला मळ्यात जायलाही सोबत लागायची. "कुठं चाललीस? कशाला? कुणाबरोबर?" लग्न होऊन शहरात आले, स्कूटर मिळाली, पण ती घर ते शाळा आणि शाळा ते घर. वाटेत मैत्रिणीशी बोलत थांबले की फोन. एकदा शाळेची सहल समुद्रावर निघाली. मुलींबरोबर शिक्षिका हवी म्हणून मुख्याध्यापिकांनी मला विचारलं. सासूबाई म्हणाल्या, घरचं कोण बघणार? नवरा म्हणाला, पुढच्या वर्षी जा. पुढच्या वर्षी मुख्याध्यापिकांनी मला विचारलंच नाही.

आणि नवऱ्याचं काय? त्यांचं रस्सा मंडळ आहे. रविवार आला की भांडी, मटण, मसाला गाडीत घालायचं आणि कुणाच्या तरी मळ्यात जाऊन चूल मांडायची. पावसाळ्यात मोटारसायकली काढून घाट उतरून कोकणात. निघताना उंबऱ्यातनं सांगायचं, "येतो गं." कधी येणार, हे विचारलं की चेष्टा. याला आमच्याकडं कुणी व्यसन म्हणत नाही. हौस म्हणतात.

व्यसन हा शब्द माझ्यासाठी राखून ठेवला होता. तो निघाला एके दिवशी, आमच्या आबांमुळं.

आबा म्हणजे माझे चुलत सासरे. बिद्रीकडचे, कारखान्यातनं रिटायर झालेले, अख्ख्या भावकीत त्यांचा शब्द चालतो. ते न कळवता आले. सासूबाई झोपलेल्या. मी कानाला हेडफोन लावून बर्फाच्या खिंडीत होते. त्या डोंगरापलीकडं काय आहे ते बघायचं, असं किती दिवस मनात होतं आणि त्या दिवशी माझी बाई खिंडीच्या माथ्यावर पोचली होती. खाली पिवळंधमक गवताचं माळरान पसरलेलं, लांबवर समुद्र. मी तशीच बघत राहिले. तेवढ्यात मागनं कुणीतरी खांद्याला हात लावला. सासूबाई होत्या. आबा दाराबाहेर बराच वेळ बेल वाजवत उभे होते.

संध्याकाळी नवरा आल्यावर मला बाहेरच्या खोलीत बोलावलं. आबा कॉटवर, सासरे खुर्चीत, सासूबाई आतल्या उंबऱ्यात, नवरा दाराला टेकून. मी उभी.

"सुनबाई, राजा-राणी खेळायचं वय हाय व्हय तुझं?" आबा म्हणाले. "मास्तरीण तू. पोरींनी काय शिकायचं तुझ्याकडनं?"

मी म्हटलं, "आबा, तुम्हाला ताटकळत ठेवलं ते चुकलं. खेळते त्यात काय चुकलं?"

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "अशी उलटून बोलाय लागलीय त्या डब्यामुळं."

"व्यसन लागलंय तिला," नवरा म्हणाला. माझ्याकडं न बघता, आबांना.

मी नवऱ्याला विचारलं, "मी काय खेळते, ते तुम्ही एकदा तरी बघितलंय?"

मग आबा म्हणाले, "बंद कर म्हणजे झालं." मी म्हटलं, "न्हाय करणार." एवढंच म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. चहा मीच टाकला, त्याचाही मला आजवर राग येतो.

पुढच्या आठवड्यात शाळेतनं आले तर टेबल मोकळं. जिथं कॉम्प्युटर होता तिथं धूळ नव्हती, भोवतीनं होती. सासूबाई मटार सोलत होत्या.

"कुरुंदवाडला दिला. दाजींना दुकानात बिलं करायला पायजे होता. सकाळीच गाडीत घालून नेला त्यानं."

कुरुंदवाडला माझी थोरली नणंद असते. तिच्या नवऱ्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. मी तिथल्या तिथं नवऱ्याला फोन लावला.

"पडून तर होता," ते म्हणाले.

"पडून नव्हता. मी रोज वापरत होते. माझ्या भावाचा होता."

"त्याला सांगतो मी, व्हय. नवीन घेतलाय की त्यानं."

"मला का विचारलं न्हाय?"

"तू दिला असतास व्हय?"

मी फोन ठेवला. म्हणजे माझं उत्तर त्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच विचारलं नव्हतं. त्यापेक्षा चोरी बरी. चोराला आपण परके तरी असतो.

आमच्याकडं बायकाही बोलताना 'आलो, गेलो' म्हणतात. सासूबाईंना मी तसंच सांगितलं, "मी कुरुंदवाडला जाऊन येतो." त्या मटार हातात धरून बघत राहिल्या. "आत्ता? एकटी?" मी चप्पल घातली. स्टँडवर जाऊन एसटीत बसले. सगळ्या वाटेत मनातल्या मनात भांडत होते. नणंदेनं नाही म्हटलं तर काय बोलायचं, दाजी काय म्हणतील, त्यावर मी काय म्हणेन. खिडकीबाहेर ऊस होता का नांगरलेली रानं होती, मला सांगता येणार नाही.

नणंद दारातच भेटली. "अगं, तू? अशी अचानक? कोण गेलं का काय?"

"वन्सं, कॉम्प्युटर न्यायला आलोय. तो माझा हाय. मला न विचारता आणलाय."

तिचा चेहरा पडला. "मला म्हणाला जुना हाय, कोण वापरत न्हाय. मी मागून घेतलो न्हाय, आईशपथ." मग ती भडकली, पण माझ्यावर नाही. "माझं लग्न ठरलं तवा माझी शिलाई मशीन अशीच दिली ह्यानं, दोस्ताच्या बायकोला! तुला आता कुठं लागणार म्हणाला. थांब, दुकानातनं आणतो मी."

आम्ही दोघी दुकानात गेलो. दाजी काउंटरवर होते. डबा खाली ठेवलेला, वायरी लावलेल्या.

"चालू केला की झ्याक," दाजी म्हणाले. "आधीचं सगळं पुसून घेतलो पोराकडनं. आता फास्ट चालतंय."

"सगळं?"

"कोरा केला."

तळ्याकाठचं घर, करडा घोडा, उजळलेला नकाशा, खिंडीच्या माथ्यावर थांबलेली माझी बाई. रोज तिथनंच खाली बघत बसायचे, तिला त्या माळावर मी अजून उतरवलंही नव्हतं. दाजींना काय सांगणार? ते बिचारे गोंधळून एकदा बायकोकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. "काय कागदपत्रं होती व्हय त्यात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "व्हय."

नणंदेनं स्वतः वायरी काढल्या. स्क्रीन ठेवा, मी म्हटलं, आणि डबा तेवढा घेतला. तिनं तो जुन्या साडीत बांधून दिला आणि स्टँडपर्यंत एका बाजूनं धरून आली.

एसटीत मी तो मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "ओ ताई, टीव्ही हाय व्हय? लगेज लागंल." मी म्हटलं, "लावा." माझा चेहरा बघून त्यानं नाही लावलं.

घरी नवरा वाट बघत होता. बहिणीनं फोनवर त्यांना चांगलं सुनावलं होतं.

"पाव्हण्यात लाज घालवलीस माझी."

"मी फक्त माझी वस्तू आणली," मी म्हटलं. "लाज कुणी घालवली ते तुमच्या बहिणीला विचारा."

त्या आठवड्यात आम्ही बोललो नाही. नंतर बोलायला लागलो, कारण एका घरात न बोलता राहणं फार कष्टाचं असतं. माफी कुणी मागितली नाही, आबांनी नाही, सासूबाईंनी नाही, यांनीही नाही. मी शाळेतल्या एका बाईंकडनं जुनी स्क्रीन घेतली. भावानं पुण्याहून फोनवर सांगत सांगत माझ्याकडनं गेम परत घालून घेतला. "ताई, दुसऱ्यांदा लवकर होतंय बघ," तो म्हणाला. त्याला वाटलं मला पुढं जायची घाई आहे.

नवी बाई मी पुन्हा तशीच करायला गेले, पण तो चेहरा जमला नाही. ही वेगळीच झाली, जास्त म्हातारी, डोळे बारीक. राजाचा माणूस धावत आला, मी पुन्हा त्याचं ऐकलं नाही. आता मी दार उघडं ठेवून खेळते, हेडफोन न लावता. घोड्याच्या टापा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जातात. सासूबाई मोठ्यानं भांडी ठेवतात.

परवा नवरा सुट्टीवर होता. माझ्या मागं येऊन उभा राहिला, मग स्टूल ओढून बसला. माझी बाई एका ओढ्याकाठी फाट्यावर आली होती.

"तिकडं उजवीकडं जा की," तो म्हणाला. "तिकडं गाव दिसतंय."

चांगल्या मनानं म्हणाला असेल. तरी माझ्या डोक्यात तीच दुपार, तेच मोकळं टेबल उभं राहिलं.

"मला सांगू नका," मी म्हटलं.

"बरं." तो थोडा वेळ बसला, मग उठून गेला. मी त्याला हाक मारली नाही. उजवीकडं खरंच गाव होतं, धूर दिसत होता. मी ओढ्यात उतरले.