कच्चं पाठांतर

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तोंडावर प्रचारक मास्तरांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. वडिलांचा विश्वासांगीकार पाठ झालाय का, तुम्हीच सांगा."

मी म्हणाले, "अजून कच्चं आहे."

आमचं गाव तळोद्याच्या वर, जीपने तासाभरावर. मी मिशनच्या वसतिगृहात शिकले, तिथेच माझा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झाला. आता आश्रमशाळेत मराठी शिकवते. बाबांनी मात्र सत्तरी उलटल्यावर, कोणी न सांगता, फादरांकडे स्नानसंस्कार मागितला. ईस्टरला द्यायचं ठरलं. त्याआधी विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी प्रार्थना, मराठीत तोंडपाठ हवा, असा मास्तरांचा नियम. तो मास्तरांचा होता, चर्चचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

घरी आम्ही भिली बोलतो. संध्याकाळी बाबा कुडाला टेकून तुरीच्या शेंगा सोलत बसायचे आणि मी एकेक ओळ म्हणवून घ्यायची. त्यांना सगळं येत होतं, फक्त भिलीत. येशूला मृत्युदंड देणाऱ्या रोमी सुभेदाराला ते 'तो साहेब' म्हणायचे. 'पुनरुत्थान' जिभेवर बसत नव्हतं. ते म्हणायचे, मेलेले उठतील, अंगासकट. "शरीराचं पुनरुत्थान, बाबा," मी टोकायची, वर्गात टोकावं तसं. मास्तरांशी ते अहिराणीत बोलत. एकदा त्यांना म्हणाले, "मास्तर, तुमना देव शाळामा शिकेल शे का?" मास्तर हसले. माझं 'कच्चं' ऐकल्यावर त्यांनी बाबांचं नाव पुढच्या ईस्टरवर ढकललं.

भाद्रपदात बाबांची छाती भरली. तळोद्याला नेताना घाटात त्यांनी माझं मनगट धरलं. "ते पाण्याचं आत्ताच करून टाक." माझ्या मांडीवर पाण्याची बाटली होती. मी म्हणाले, "तळोद्याला फादर येतील, ते करतील." तळोदा यायच्या आत ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर घरी आले. "पवित्र शास्त्रात स्पष्ट आहे. पाण्याशिवाय तारण नाही. मिशनच्या दफनभूमीत कसं नेणार?" आई तिथेच अंगणात बसली होती.

दुपारी फादर पोचले. त्यांनी मला एवढंच विचारलं, "त्यांनी मागितलं होतं ना?"

"दोनदा."

"मग ते आपलेच."

मास्तरांनी पुन्हा शास्त्र काढलं. फादर म्हणाले, "मास्तर, शास्त्र लिहून व्हायच्या आधी लोक विश्वास कुठून शिकले? तोंडातोंडीच ना? ती परंपरा. शास्त्र कसं वाचायचं तेही तिलाच विचारायचं असतं. संस्कार मागून जो त्याआधी गेला, त्याला ती इच्छाच तारते, ही चर्चची शिकवण आहे. संस्काराचं बंधन आपल्याला. देवाला नाही."

बाबांना दफनभूमीतच ठेवलं, सगळ्या प्रार्थनांसह. गावाला वाटलं, पोरीला धीर आला. मला राग आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही.

धर्मशिक्षणाचं जाड पुस्तक माझ्या पेटीत होतं, मीच खाकी कव्हर घातलेलं. महिन्याभराने उघडलं. त्यात लिहिलंय की माणूस मरणाच्या दारात असेल तर चर्चचा हेतू मनात धरून, ठरलेले शब्द म्हणत, कोणीही डोक्यावर पाणी ओतून हा संस्कार देऊ शकतं. धर्मगुरूच हवा असं नाही. स्वतःचा संस्कार न झालेलाही चालतो. म्हणजे त्या जीपचा ड्रायव्हरही चालला असता. आणि मी, जिला गाव पुस्तकवाली म्हणतं, बाटली मांडीवर घेऊन फादरांची वाट बघत होते. इतकी वर्षं प्रचार करून मास्तरांनी हे पान कोणाला सांगितलं नाही, याची चीड येते. पण मास्तरांनी निदान मला विचारलं तरी होतं; 'कच्चं' मी म्हणाले.

बाबांच्या तारणाबद्दल मला शंका नाही. पण आपण नापास आहोत असं समजून ते गेले, आणि पेपर मी तपासला होता.

या वर्षी उपवासकाळात मास्तर शाळेत आले, हातात यादी. या ईस्टरला स्नानसंस्कार मागणारी नऊ नावं, बहुतेक म्हातारी माणसं. "बाई, तेवढं पाठांतर ऐकून घ्या. तुमचं मराठी चांगलं."

मी यादी ठेवून घेतली. कोणालाही बोलावलं नाही. आठवड्याने नऊच्या नऊ नावांपुढे 'येतं' लिहून परत दिली.

"सगळ्यांचं ऐकलंत?"

"ऐकलं."

हे खोटं मी फादरांपुढच्या पापनिवेदनात अजून सांगितलेलं नाही. ईस्टर होऊन जाईपर्यंत सांगणारही नाही.