फिजिक्सच्या सरांचे हेडलाइट

सेलूच्या एका ज्युनियर कॉलेजात मी बावीस वर्षं फिजिक्स शिकवतो. त्यामुळे विजेतलं मला सगळं कळतं, असा गेल्या दिवाळीपर्यंत माझा समज होता.

आमच्या जुन्या गाडीचे हेडलाइट इतके पिवळे आणि मवाळ होते, की समोरची म्हैस दिसण्याआधी तिचा वास यायचा. दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी परभणीला मेहुणीच्या बाळाचं बारसं होतं, संध्याकाळी सातला. बाळाचं नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवायचं, असं ठरलं होतं, म्हणून नाना आदल्या दिवशीच आमच्याकडे मुक्कामाला आले होते. नाना रिटायर्ड वायरमन. येलदरीकडच्या खेड्यांत तीस वर्षं खांबावर चढलेले, आणि तिथून खाली बघावं तसे माझ्याकडे बघणारे! त्यांच्यासमोर एकदा काहीतरी करून दाखवायचं, ही माझी लग्नापासूनची हौस. येताना अंधार होणार, तेव्हा आणून ठेवलेले एलईडी बल्ब बसवूनच निघू, असं मी दुपारी चारला जाहीर केलं. मेकॅनिककडे जाऊ, असं बायको सुनंदा म्हणाली. मी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

जुने बल्ब मी इतक्या जोशात काढले, की एक हातातून निसटून फुटला आणि दुसऱ्यावर मीच पाय दिला. (म्हणजे माघार घ्यायची सोय संपली.) नवे बसवले, प्लग खोचले, बटण दाबलं. ढिम्म.

"मी बघू का, सर?" नानांनी विचारलं. ते मला सरच म्हणतात, पण ऐकायला तसं वाटत नाही.

"नाना, हे एलईडी आहे. खांबावरचं काम नव्हे."

नाना खुर्ची ओढून मजेत बघत बसले. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मग मी फ्यूज तपासले, बॅटरी तपासली आणि वायरिंगच सडलंय असं निदान केलं. साडेपाचला अर्धा डॅशबोर्ड अंगणात चादरीवर पसरला होता आणि वायपर कुणी न सांगता फिरत होते. माझी मुलगी प्रज्ञा बारावीला, माझ्याच वर्गात. ती नवा ड्रेस घालून पायरीवर बसली होती. ती मधेच "बाबा, डायोड..." असं काहीतरी म्हणाली. मी तिला गप्प केलं. नानांनी रेल्वेची चौकशी सुरू केली. मी घाईनं पुन्हा गाडीत शिरलो.

डॅशबोर्डखाली दिसेना, म्हणून सुनंदाला टॉर्च धरायला सांगितली. सेल मीच घातले होते. तीही लागेना. "हीपण गेली," मी म्हणालो. सुनंदानं सेल काढले, फिरवून घातले, आणि टॉर्च लागली.

"अहो, उलटे घातले होते तुमी. तो प्लग बी फिरवून बघा की."

मी हसलो. "अगं, दिवा म्हणजे काय सेल आहे? तो कसाही लावला तरी..." आणि तिथंच माझी जीभ अडकली. डायोडमधून प्रवाह एकाच दिशेनं जातो, आणि एलईडी हा डायोडच असतो, हे मी बावीस वर्षं पोरांकडून लिहून घेतोय.

सगळ्यांना चहाला आत पिटाळलं आणि गुपचूप दोन्ही प्लग फिरवले. अंगण लख्ख उजळलं. वायरिंगमध्ये बारीकसा दोष होता, तो काढला, असं मी सांगितलं. डॅशबोर्ड जोडून (चार स्क्रू उरले) आम्ही सुसाट निघालो. पोचलो तेव्हा पाळणा म्हणून झाला होता, नाव तेवढं नानांसाठी थांबवलं होतं.

"उजेड लय झ्याक हाय, सर," नाना वाटेत म्हणाले होते. माझा ऊर भरून आला होता.

पुढच्या आठवड्यात चाचणी घेतली. जुन्या पेपरातला एक प्रश्न मी न बघता उतरवला होता: एलईडी उलट जोडल्यास काय होते? व्यवहारातले उदाहरण द्या.

प्रज्ञानं लिहिलं होतं, "एलईडी लागत नाही. उदाहरण: आमचे सर. त्यांनी प्लग फिरवताच लागला. हे मी आणि आजोबांनी खिडकीतून प्रत्यक्ष पाहिले आहे."

उत्तर दोनदा तपासलं. एकही चूक सापडेना. तीनपैकी तीन द्यावे लागले.