साहेबाचं टपाली मत

नव्वदच्या दशकात मी बहरीनमधल्या सित्र्यातल्या एका कंपनीत सेक्रेटरी होते. साहेब अमेरिकन, हसतमुख. माझ्या डब्यातली चटणी मागून खायचा.

त्या आठवड्यात गावाहून भावाचा फोन आला होता. मामांच्या केसचा निकाल लागला, सगळे आरोपी सुटले. मामांनी गायरानावर ज्वारी पेरली म्हणून गावातल्यांनी उभ्या पिकात गुरं घातली होती आणि आडव्या आलेल्या मामांचा हात मोडला होता. मामीने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती दर तारखेला जिल्ह्याला जाऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसायची, पण सरकारी वकिलाने तिला साक्षीला उभंच केलं नाही.

"आरोपींच्याच जीपमधून यायचा तो," भाऊ म्हणाला. "आता अपील करायचं तर तेही सरकारनेच करायचं. म्हणजे खलासच."

खलास. इथले अरबही दिवसातून दहा वेळा हाच शब्द म्हणायचे.

दोन दिवसांनी साहेबाने मला केबिनमध्ये बोलावलं. त्याच्या राज्यात निवडणूक होती आणि मतपत्रिका पोस्टाने आली होती. मला हेवा वाटला. इथे आल्यापासून आम्हा नवरा-बायकोला मत देता आलं नव्हतं.

"गव्हर्नरचं झालं," तो म्हणाला. "हे बघ, अ‍ॅटर्नी जनरल. दोघांपैकी एकालाही मी ओळखत नाही. तूच सांग, कुणावर खूण करू?"

"अ‍ॅटर्नी जनरल म्हणजे?"

"राज्याचा मोठा सरकारी वकील. आमच्याकडे लोक निवडतात त्याला. सांग ना, कुठलं नाव बरं वाटतं?"

माझी कानशिलं तापली.

"सर, तो वकील कुणासाठी उभा राहणार आणि कुणासाठी नाही, ते तुमच्या हातात आहे, आणि तुम्ही मला नाव कुठलं बरं वाटतं ते विचारताय?"

"अगं, गंमत केली."

"आमच्या मामांचीही अशीच गंमत झाली," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. आवाज चढलेला मलाच ऐकू येत होता. दाराशी फाइल घेऊन आलेला बहरीनी क्लार्क तिथेच थबकला. त्याच्या देशात तर पार्लमेंटच बंद होती; ती मागणाऱ्या अर्जावर सही केली म्हणून त्याच्या चुलतभावाला उचलून नेलं होतं. त्याने फाइल टेबलावर ठेवली, एकदा त्या मतपत्रिकेकडे पाहिलं आणि निघून गेला.

घरी नवरा घाबरला. "अगं, आपला व्हिसा त्याच्या सहीवर आहे!"

"माहितीये. म्हणूनच इतकी वर्षं गोड बोलले."

व्हिसाला काही झालं नाही. साहेब मात्र काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. मग एका दुपारी टेबलापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मत पाठवलं मी. अ‍ॅटर्नी जनरलचा रकाना रिकामा सोडला. तुझा मान ठेवला."

मान! दोन माणसांची माहिती काढायला त्याला एक फोन पुरला असता. तेवढेही कष्ट घेतले नाहीत, आणि वर मलाच उपकार सांगत होता.

"माझा मान नका ठेवू, सर," मी म्हणाले. "तुम्ही मत द्यायला हवं होतं."

"म्हणजे?" त्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. मी टाइपरायटरमध्ये नवा कागद घातला आणि इतक्या जोरात टाइप करू लागले की पलीकडच्या खोलीतल्या माणसाने वाकून पाहिलं.