सोमवारचा दवाखाना आणि रवळनाथाचा कौल

आमच्या दवाखान्यात औषधांचा साठा अधूनमधून संपतो, किश्श्यांचा मात्र कधीच नाही! एक सांगायला घ्यावा तर मागे चार उभे राहतात, 'आमचा नंबर कधी' म्हणत. आणि निवांत बसून सांगा म्हणाल तर ते मला जमत नाही. आमचे हे म्हणतात, माझ्या पायाला भिंगरी आहे. असेल! पण जिच्या गावात सदानकदा कोणाचे तरी दिवस भरत आलेले असतात, त्या नर्सबाईने निवांत बसायचं तरी कधी?

तर आमचा सोमवारचा दवाखाना भरतो देवळात. फोंडाघाटकडून नांदगावला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. पोटुशी बायका तपासणीला यायच्या म्हणजे कां-कू करायच्या, पण सोमवारी रवळनाथाला यायला कोणी चुकायचं नाही. मग देवस्थान कमिटीने सभामंडपच दिला. एका खांबाशी वजनकाटा, दुसऱ्या खांबाशी बीपीचं मशीन आणि तपासणी झाली की तिथेच पंगत. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू. तपासायला तालुक्याच्या दवाखान्यातल्या, मूळ घाटावरच्या कोल्हापूरच्या डॉक्टर मॅडम, पळापळीला मी, आणि देवाच्या बाजूने बाबी गुरव.

ह्या सगळ्यात मला कोणाची काळजी असेल तर ती संजनाची. तिचं माहेर विजयदुर्गचं, नवरा गोव्याला नोकरीला, घरात ती आणि सासू सुलूकाकी. पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्यावर सुलूकाकी देवाला कौल लावून बसल्या. कौल म्हणजे मूर्तीला पाण्याने दोन पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं, सुनेला दवाखान्यात नेऊ काय? उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि कुठलीच पडली नाही तर? तर बसायचं वाट बघत! त्या दिवशी सकाळपासून उन्हं कलेपर्यंत पाकळी पडली नाही. पडली ती उजवीच, पण तोवर पोटातलं बाळ गेलं होतं. मी तेव्हा ह्या गावात नव्हते. आता होते, आणि संजनाला पुन्हा दिवस गेले होते.

*

पहिल्याच सोमवारी डॉक्टर मॅडमनी लोहाच्या गोळ्यांवर भाषण दिलं. छान दिलं! बायका छताकडे बघत होत्या. या गोळ्या घरी जाऊन कोनाड्यात पडणार, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

बाबी गुरवालाही दिसलं असावं. त्याने सगळ्या गोळ्या ताटात घेतल्या, देवासमोर ठेवल्या आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"होय म्हाराजा!" सगळा मंडप ओरडला.

"ह्यो तुज्यो लेकी पोटाशी आसत. तेंच्या अंगात रगात वाडव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जी कोण ह्यो गोळ्यो कोनाड्यात लपयतली, तिका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आता मघाशी छताकडे बघणाऱ्याच सर्वांत मोठ्याने ओरडल्या.

मॅडम माझ्या कानाशी लागल्या, "सिस्टर, एवढी वर्षं औषधं लिहून देतेय, पण माझ्या चिठ्ठीला 'होय महाराजा' कुणी म्हटलं नव्हतं!"

*

आम्ही दोघी खूश. पण महिन्याभराने तपासलं तर कोणाचंच रक्त वाढलेलं नाही! संजनाचं तर जिथल्या तिथे. गोळ्या मात्र संपलेल्या. मॅडम चक्रावल्या, मला काही सुचेना.

तेवढ्यात वाडीतले एक आजोबा काठी टेकत आले. मला खांबाआड घेऊन कुजबुजले, "शिस्टर, कोणाक सांगा नको हां. माजा परसाकडेक काळाकुट्ट होता. आतडी जळली काय गो माजी?"

मग आणखी एक आले. मग एक मामी. सगळ्यांचं दुखणं तेच! आणि लोहाच्या गोळ्या खाल्ल्या की शौचाला काळं होतंच. माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी तडक सुलूकाकींना गाठलं. "काकी, संजनाच्या गोळ्या कोणी खाल्ल्या?"

काकी शांतपणे म्हणाल्या, "देवाकडचो परसाद तो. एकट्यान खायत काय कोण? सगळ्या वाडीक वाटलंय!"

घ्या! देवापुढे ठेवलेली गोळी एकटीने खाणं पाप, म्हणून प्रत्येक घरातून गोळ्या पानसुपारीसारख्या वाटल्या गेल्या होत्या. नशीब, पोराटोरांच्या हाती लागल्या नव्हत्या. त्या विचाराने मला दोन दिवस झोप नाही.

पुढच्या सोमवारी बाबीने गाऱ्हाण्यात दुरुस्ती केली. "म्हाराजा, हो परसाद एका जीवाक चलणा नाय. जिच्या अंगात दोन जीव आसत, तिनाच खावचो!"

"होय म्हाराजा!" सर्वांत वरचा सूर त्या आजोबांचा होता.

*

मग आलं अंडं. मॅडम म्हणाल्या, पंगतीत उकडलेलं अंडं हवंच. कमिटीच्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे झाले. देवळात अंडं? मीटिंगवर मीटिंग. एकाने सुचवलं, अंड्याऐवजी चित्र लावूया अंड्याचं! मी मंडपात येरझारा घालत होते. इकडे पोटातली बाळं काय ह्यांच्या मीटिंगसाठी वाढायची थांबणार होती?

शेवटी बाबी उठला. "देवळात नको तर नको. भायर पिंपळाखाली राखणदार आसा मां? वर्साक तेका कोंबो चलता, मगे अंड्यान काय तेचो घोडो मारल्यान?"

कमिटीने माना डोलावल्या. आमच्याकडे गावाच्या वेशीची राखण करणाऱ्या ह्या देवाला कोंबडा द्यायची रीतच आहे. तेव्हापासून भाकरी-भाजी मंडपात आणि अंडं पिंपळाखाली. बायका ताटावरून उठून रांगेने बाहेर जातात, अंडं खातात, हात धुतात आणि लाडवासाठी परत आत येतात. मॅडमनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "सिस्टर, एका जेवणात दोन देव सांभाळणारं गाव मी पहिल्यांदाच बघतेय!"

*

सहाव्या महिन्यात संजनाचं वजन वाढायचं सोडून उतरलं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, सासूने नवस बोललाय. बाळ सुखरूप होईपर्यंत सुनेने शनिवार-रविवार कडक उपास करायचा! मॅडमचा पारा चढला. "बाळासाठी उपास करताय आणि बाळालाच उपाशी ठेवताय?"

सुलूकाकींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मॅडम, एक गेला माज्या हातान. दुसरा जावक नको म्हणान करतंय मी!"

मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच विरघळला. ती बाई दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. आणि घाबरलेल्या माणसाला समजावणं दुष्टाला समजावण्यापेक्षा कठीण, हे मी अनुभवाने सांगते.

बाबी गुरवानेच वाट काढली. "काकी, नवस कोणी बोललो?"

"मिया."

"मगे उपास कोणी करूचो?"

दुसऱ्या दिवसापासून उपास काकींनी आपल्याकडे घेतला आणि तोही कडक! महिन्याभराने दोघी तपासणीला आल्या. संजना छान भरली होती आणि काकी वजनकाट्याजवळच घेरी येऊन बसल्या. मी त्यांना लिंबू-साखर-पाणी पाजत होते. संजना पदराआड हसून म्हणाली, "शिस्टर, माका दुप्पट जेव म्हणतास. हेंका निदान एकपट तरी जेवक सांगा!"

*

तरी माझ्या जिवाला चैन नव्हतं. गोळ्या झाल्या, अंडी झाली, रक्त वाढलं. पण कळा येतील तेव्हा काय? काकी पुन्हा पाकळीची वाट बघत बसल्या तर? एका दुपारी मी सरळ बाबीकडे गेले. म्हटलं, "काका, एक काम करा. उजवी पाकळी जरा हलकी चिकटवा ना!"

"बाय, माज्या बापाशीन, आज्यान, कोणीच ता केल्यान नाय. मिया पाकळी लावतंय. पाडतलो तो."

"मग आत्ताच विचारून ठेवू. आधीच परवानगी घेऊ."

"घराक आग लागाच्या आदी पाणी मारू काय, असा देवाक इचारतंत काय?" तो म्हणाला.

मला इतका राग आला की चहाचा कप तसाच ठेवून उठले. वाटेत वळून बघितलं तर बाबी ओसरीवर डोकं धरून बसला होता. मागच्या खेपेला पाकळ्या त्यानेच लावल्या होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

*

आता शेवटचा किस्सा.

मॅडमनी दिलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी, एका सकाळी, संजनाला कळा सुरू झाल्या. बीपी चढलेलं, अंगावरून लाल जातंय. मी अॅम्ब्युलन्स बोलावली, तालुक्याला मॅडमना फोन केला, संजनाला गाडीत घातलं. सुलूकाकी मुकाट्याने चढल्या. मी मनात म्हटलं, सुटलो!

कुठलं काय! देवळासमोर गाडी येताच काकी ओरडल्या, "थांबवा!" आणि उतरून पायरीखाली चपला काढून थेट आत. बाबी गाभाऱ्यातच होता. काकींनी पदर पसरला. "बाबी, कौल लाव. तेच्या हुकमाबिगर मी तिका पुढे न्हेवची नाय."

ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय. मी गाडीतून मंडपात, मंडपातून गाडीत. बाबीने पाकळ्या लावल्या. दोन्ही घट्ट बसल्या. मी देवासमोर हात जोडून चक्क भांडले, पाड रे बाबा, पाड! फुंकर मारावीशी वाटत होती, खोटं कशाला बोलू?

पाकळी हलेना. मी गाडीत धावले. संजनाने माझं मनगट धरलं. हात गार पडला होता. "शिस्टर, पडली काय पाकळी? मागच्या येळाक पण मिया अशीच इचारत होतंय."

मला रडू फुटलं. "काकी, चला हो!" मी गाडीतूनच किंचाळले.

आत काकी डोळे मिटून बसलेल्या. बाबी पाकळ्यांकडे बघत होता. बघता बघता त्याने देवापुढचा नारळ उचलला, गाभाऱ्याच्या दाराला कडी घातली आणि पायऱ्या उतरून ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला. नारळ मांडीवर.

काकी मागून धावत आल्या. "बाबी! कौल?"

"काकी, देव कवाच गाडयेत येवन बसलो," बाबी म्हणाला. "तुमी थंय कोणाक इचारतास?"

काकींनी त्या नारळाकडे बघितलं. मग चपला तिथेच टाकून अनवाणी गाडीत चढल्या.

तालुक्याला मॅडम दारातच उभ्या होत्या. पुढचं सगळं धावपळीत गेलं. रक्त चढवलं, सिझर केलं. बाहेर बाकावर काकी आणि बाबी, मध्ये नारळ. मग आतून रडणं ऐकू आलं, बारीक पण खणखणीत. मॅडम बाहेर आल्या, मास्क काढला. "मुलगी. दोघी ठीक आहेत. आणखी थोडा उशीर झाला असता तर..." काकी बाबीच्या पाया पडायला वाकल्या, तर तोच मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

दुपारी विजयदुर्गहून संजनाची आई पोचली. तिला बसवून काकी पेज आणि कपडे आणायला निघाल्या. बाबी आणि मीही त्यांच्याच रिक्षात. दिवेलागणीला देवळापाशी उतरलो. काकींच्या चपला पायरीखाली तशाच होत्या. बाबीने गाभाऱ्याची कडी काढली, समई लावली आणि तो एकदम थबकला.

दोन्ही पाकळ्या अजून मूर्तीला चिकटलेल्या होत्या. एकही पडली नव्हती.

सुलूकाकी आमच्यामधून पुढे झाल्या. मग हात जोडून, घरातल्या माणसाशी बोलावं तशा हळूच म्हणाल्या,

"सावकाश सांग, म्हाराजा. आमका घाई नाय. नात इली."