काकूंचं उष्टं

दोन नळ्या ठेवायच्या म्हणून अख्खा फ्रीज रिकामा करणारी बाई मी आजवर एकच पाहिली, त्या नाहूरच्या काकू. करंगळीएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या, आत त्यांचीच लाळ. पण लाळ म्हणजे उष्टं, आणि उष्ट्याच्या शेजारी देवाच्या नैवेद्याचं दूध कसं ठेवायचं? दूध, दही, निवडलेली मेथी, सगळं शेजारच्या गुजराती बाईंकडे गेलं. सकाळी मी फ्रीज उघडला तर आत नुसता दिवा आणि स्टीलच्या पेल्यात उभ्या दोन नळ्या. मला हसू आवरेना. “हसतंस काय गो?” काकू डाफरल्या. “तुमच्या लॅबवाल्यांका विटाळ नाय, माका हा.”

मी घाटकोपरच्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ता-लघवीचे नमुने गोळा करते. दार उघडतं, दंड पुढे येतो, सुई टोचते, दार बंद. दिवसाला पंधरा घरं, पण कोणी “बस” म्हणत नाही. काकूंचं प्रकरण वेगळं होतं. त्यांचा चेहरा सुजल्यासारखा गोल झाला होता, हातपाय बारीक, पोट मोठं, जरा धक्का लागला की काळंनिळं. डॉक्टरांना एका हार्मोनचा संशय होता. निरोगी माणसात ते रात्री अगदी कमी होतं, काकूंचं होतं की नाही ते बघायचं होतं. त्यासाठी लागोपाठ दोन रात्री, अकराच्या सुमारास, त्यांनी स्वतःच नळीत थुंकायचं, नळ्या फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि मी सकाळी येऊन न्यायच्या. त्याआधी अर्धा तास खाणं नाही, पाणी नाही, ब्रश नाही. एवढंच.

काकू दार कधी बंद करायच्या नाहीत. बाहेरचा जाळीचा दरवाजा लावलेला, आतला सताड उघडा आणि समोर खुर्ची. आयुष्य परळच्या चाळीत गेलेलं. काकांची गिरणी बंद पडली, काका गेले, मग मुलाने, मंदारने, आईला नाहूरच्या टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर घर घेऊन दिलं आणि तो बंगळुरूला गेला. “हय लिफ्टचो आवाज येता, माणसाचो नाय,” काकू म्हणायच्या. लिफ्ट थांबली की मान वर करायच्या. बहुतेक वेळा कुरिअरवाला असायचा, आणि तोही दुसऱ्याच घरी जायचा.

पहिल्या नळ्या हातात घेतल्या तेव्हाच मला शंका आली. लाळ कशी थोडी चिकट असते, ही नळाच्या पाण्यासारखी. “काकू, पाणी प्यायलात?” “प्यायलंय नाय. तोंड खळखळून धुतलंय. तुझ्या हातात जातला ना? माझा उष्टा तुझ्या हातात कसा देऊ गो, पोरी?” झालं! मी कपाळाला हात लावला. समजावून सांगितलं, पाणी मिसळलं की हार्मोन पातळ होतं, आकडा खोटा कमी येतो, आजार असला तरी नाही असं दिसतं. त्यांनी मन लावून ऐकलं. मग मला बसवून घावणे आणि नारळाचा रस खायला घातला. मुलुंडला मी खोली घेऊन एकटी राहते. आई गेल्यापासून मला कोणी समोर बसून वाढलं नव्हतं. मी सहा घावणे खाल्ले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या खेपेलाही तेच. हात सवयीने बेसिनकडे गेला म्हणाल्या. या वेळी मी चिडले आणि लॅबमध्ये सुपरवायझर माझ्यावर चिडले. “पेशंटला दोन वाक्यं नीट सांगता येत नाहीत तुला? पुन्हा रिपीट आलं तर तुझा एरिया बदलतो.” त्याच सकाळी मंदारचा फोन स्पीकरवर होता, मी अजून काकूंच्या घरातच होते. “आई, रिपोर्टमध्ये काही निघालं तर मी ऐकणार नाही. घर बंद करायचं आणि इकडे यायचं.” काकूंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्यांच्या घरात मी दिवसभर कोणाशी बोलू? सून चांगली हा, पण दोघां सकाळी जातत ती रात्री येतत. हय निदान तू तरी येतंस.”

तिसऱ्या खेपेला काकूंनी नळ्या स्वतःच आणून माझ्या हातात दिल्या. नळी मी उजेडात धरली. आतलं स्वच्छ, पातळ, हलवलं की लगेच डुचमळणारं. काकू समोर उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी खिडकीबाहेर. फॉर्मवर एक चौकोन असतो, ‘अर्धा तास आधी पाणी, खाणं, ब्रश नाही’. रुग्णाला विचारून तिथे टिक करायची असते. मी विचारलं नाही. टिक केली, सही केली आणि नळ्या बर्फाच्या डब्यात टाकल्या. पुढे नऊ घरं बाकी होती.

रिपोर्ट नॉर्मल आला. काकूंनी फोन करून मला सोलकढी प्यायला बोलावलं. “बघ, माका काय झाला नाय गो! उगाच मेले घाबरवतत.” त्यानंतर काम नसतानाही मी त्यांच्याकडे जाऊ लागले. रविवारी दुपारी जायचे, त्या मला माशाचं कालवण शिकवायच्या, मी त्यांचे पाय चेपायचे. पाय दिवसेंदिवस काटकुळे होत होते. मला दिसत होतं. दर रविवारी दिसत होतं. पुढच्या रविवारी बोलू, असं मी चार महिने म्हणत राहिले.

मग एका सकाळी पाण्याची बादली उचलताना काकूंच्या पाठीचा मणका मोडला. नुसती बादली, तीही अर्धी. हॉस्पिटलात पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या, लाळेचीही, या वेळी नर्स समोर उभी राहून. हार्मोन भलतंच वाढलेलं निघालं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ होती. हाडं आतून पोखरली होती. चार महिने आधी कळलं असतं तर मणका वाचला असता, असं डॉक्टर मंदारला म्हणाले.

मी भेटायला गेले आणि पलंगाशी उभी राहून सगळं सांगून टाकलं. नळी बघूनच मला कळलं होतं, मी मुद्दाम विचारलं नाही. मला वाटलं, त्या माझा हात धरतील. त्यांनी हात चादरीखाली घेतला. “मी तोंड धुतलंय ता माझ्या घरासाठी,” त्या हळूच म्हणाल्या. “तू टिक कशासाठी केलंस गो?” एरिया बदलला असता, एवढंच कारण होतं. किंवा काकू बंगळुरूला गेल्या असत्या आणि मला समोर बसून वाढणारं कोणी उरलं नसतं. काय सांगणार होते?

तेवढ्यात मंदार आत आला. मला लॅबच्या युनिफॉर्ममध्ये पाहिलं आणि त्याचा आवाज चढला. “त्या लॅबच्या ना तुम्ही? मी सोडणार नाही तुम्हाला. पाण्याने नमुना बिघडतो म्हणे! आईला एकदा तरी विचारलं होतंत का?” काकूंनी मोठ्या कष्टाने मान वळवली. म्हणाल्या, “ओरडू नको रे तिच्यावर. तिने माका तीन-तीनदा विचारल्यान. मीच तिच्याशी खोटा बोललंय.”

मंदार खाली बघत मला “सॉरी” म्हणाला. मी ते ‘सॉरी’ घेतलं आणि बाहेर पडले.