यंत्राला व्हय म्हणणारा केरबा

पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात केरबासारखा दलाल नाही, असं केरबाच सांगायचा. दुसऱ्या कुणाला बोलायला तो वेळच देत नसे. जनावर मुकं, तसं मालकानंही मुकं राहावं, बोलायला आपण आहोत, हा त्याचा धर्म.

अशा माणसाच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. ती एकटी असली तर कापून काढता येणार होती. लिव्हरभर पसरली असली तर सर्जन हातच लावणार नव्हते. ते ठरवायला शिरेत औषध सोडून एमआरआय करायचा होता.

कोल्हापुरात तंत्रज्ञ संयोगितानं बजावलं, "काका, यंत्रातून आवाज आला की श्वास रोखा. हलायचं नाही, बोलायचं नाही."

औषध शिरेत गेलं. यंत्र म्हणालं, "श्वास रोखा."

"व्हय!" केरबा गरजला.

हाक आली आणि ओ दिली नाही, एवढा बेपर्वा माणूस तो थोडाच होता! दर वेळी यंत्रानं सांगावं आणि यानं इमानानं "व्हय!" म्हणावं. चित्रं अशी हलली की गाठ कुठं आहे तेच दिसेना. औषध वाया गेलं आणि पुढची तारीख मिळाली.

त्याची बायको विठाबाई भडकली. "बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतासा, तवा बरं त्वांड मिटतंय! आता व्हय म्हणायचं तर माझं बोट दाबा."

नातेवाइकाला आत थांबता येत होतं, पण अंगावर धातू चालत नव्हता. म्हणजे मंगळसूत्र काढायचं. नवऱ्याच्या आयुष्यासाठी घातलेलं आता त्याच्याच आयुष्यासाठी उतरवायचं, काय पण सोय! विठाबाईचा जीव तुटत होता, तरी पुढच्या तारखेला तिनं ते काढलं आणि यंत्राच्या तोंडातून हात आत घातला. वर चादर ओढली. यंत्र बोललं की केरबा तिचं बोट दाबायचा. लग्न झाल्यापासून तो एवढा वेळ गप कधी बसला नव्हता.

मंगळसूत्र मात्र तिनं परत घातलं नाही. त्याच्या जिवासाठी उतरवलं, तर त्याच्या जिवाची खात्री झाल्यावरच घालायचं, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत पदरात बांधून ठेवलं.

"कॅन्सरच आहे," सर्जन म्हणाले. "पण गाठ एकच आहे, कडेला. काढता येईल. करायचं ना ऑपरेशन?"

सगळा बाजार तोंडावर चालवणाऱ्या माणसाला शब्द फुटेना. त्यानं पदराखाली हात घालून विठाबाईचं बोट दाबलं.

"व्हय!" विठाबाई एवढ्यानं ओरडली की बाहेरची माणसं दारात आली. मग तिनं डॉक्टरांसमोरच मंगळसूत्र गळ्यात घातलं.