कुलूपताईनं पुसलेला नंबर

कुलूपताई पानी प्याले उठली तरी आपला कम्प्युटर बंद करून उठे, म्हनून तिले सारे कुलूपताई म्हनत. सौंसरच्या बसस्टँडपाशी वरच्या माळ्यावर कंपनीचं ऑफिस होतं. डॉक्टर लोकायसाठी ॲप बनवत, लेकराच्या टिक्याची, म्हंजे लस द्याची, तारीख आली का मायबापाले मेसेज जाये. मी तिथं झाडूपोछा करत होती, पोरगी टेबलाखाली झोपे.

"लागत नाइ ते इचारू नोका," हे ताईचं रोजचं बोलनं. बाजूच्या टेबलावर कामाले बोरगावचे एक भाऊ बसत, ते हासत, "ताई, तुमी तं सासूलेही नाव नसान सांगितलं."

"तिनं इचारलंच नाइ," ताई म्हने, "तिले फक्त पोळ्या गोल पायजे होत्या."

मी पांढुर्ण्याहून पोरीले घेऊन निंगून आलती, नवरा मारे म्हनून. पन इथं पोरीच्या टिक्यासाठी डॉक्टरनं नंबर मांगतला तं तोंडातून त्याचाच निंगाला, लग्नापासून सारीकडे त्याचाच देत आलती ना. टिक्याचा मेसेज त्याच्या मोबाइलवर गेला, खाली कंपनीचं नाव अन् गाव, अन् तो आला ना बाप्पा ऑफिसात! मी मोरीत लपली, पोरीच्या तोंडावर हात, रडली तं मेलीच म्हना.

"माह्या बायकोचा पत्ता द्या."

भाऊ म्हने, "देऊन टाका ना ताई, नवराच तं हाय."

"नवरा असो का देव, जिचं हाय तिले इचारल्याबिगर नाइ."

"मंग लावा तिले फोन."

"तिनं नंबर तुमचाच देल्ला हाय. लावू?"

तो शिव्या देत गेला. ताईनं माह्यासमोर त्याचा नंबर पुसला. म्हने, "चूक तुही नाइ. नंबर कोनाचा हाय, हे आमीच इचाराले पायजे होतं." मंग मेसेजातून गाव, डॉक्टर, लेकराचं नाव, कंपनी, सारं काढाले लावलं. पुढं मी सोताचा मोबाइल घेतला, तवा ताईनं पोरीच्या टिक्यासाठी माहा नंबर टाकला.

औंदा इथलं ऑफिस बंद झालं, ताईले पुन्याले बलावलं. जायच्या दिवशी तिनं कामावरच्या लोकायची माहिती पुसली, माहा नंबर आपल्या मोबाइलातूनही; डॉक्टरच्या ॲपमंदी टिक्यासाठी होता तेवढाच राहू देल्ला. "काम संपलं का ठेवाचं नाइ, तुहा तं मुळीच नाइ. माहा मोबाइल चोरी गेला तं?"

मी म्हनलं, "अन् आठवन आली तं?"

ती चष्मा पुसत राहिली.

माह्यापाशी तिचा नंबर ऑफिसचाच होता, तो आता बंद हाय. खोलीत मी अन् पोरगी. खाली मोटरसायकल थांबली तं अजूनही हात पोरीच्या तोंडावर जाते, अन् फोन तं कोनाचा येतच नाइ. काल मोबाइल वाजला, मी धावली. "उद्या टिका आहे." ना गाव, ना नाव. ताईनंच लिहेल हाय ते. दुसऱ्याच्या हाती पडलं तरी त्याले कायी समजनार नाइ. मी पुन्हापुन्हा वाचून राहिली.